शाळा समुद्रात, रामकुंड शीटबाहेर

संगणकावरच्या नकाशांबद्दल वाचकांनी पाठवलेल्या या खेपेच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नात ‘सॉफ्टवेअर बिघडलंय’ असा सूर आहे. बिघडलंय ते एकाच ठिकाणी, शेवटच्या प्रश्नात, आणि तिथेही थोडंसंच. बाकी ठिकाणी चूक कुठे जाऊन पडली ते नीट पाहिलं, तर ती कशी झाली हेही तिथेच दिसतं.

प्रश्न : आमच्या केंद्रातल्या शाळांची यादी अक्षांश-रेखांशांसह एक्सेलमध्ये केली आणि सीएसव्ही (साधी मजकूर-फाइल) करून क्यूजीआयएस या नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये आणली. पडदा कोरा! झूम आउट करत गेले, तर सगळे ठिपके नॉर्वेच्या वर समुद्रात. (शिक्षिका, पंचवटी)

ताई, आकडे बरोबर आहेत, रकाने उलटे पडलेत. नाशिक साधारण २० अक्षांश, ७३.८ रेखांशावर. अदलाबदल झाली की होतात ७३.८ उत्तर, २० पूर्व. ती जागा नॉर्वे आणि स्वालबार्डच्या मधल्या समुद्रात, बेअर आयलंड नावाच्या बेटाच्या जरा दक्षिणेला येते. गुगल मॅप्सवरून आकडे कॉपी केले की आधी अक्षांश मिळतो. क्यूजीआयएस मात्र आधी एक्स विचारतो, आणि एक्स म्हणजे रेखांश. आलेखाच्या वहीत एक्स आडवा असतो, तसाच इथेही पूर्व-पश्चिम. ‘ॲड डिलिमिटेड टेक्स्ट लेयर’च्या खिडकीत एक्सपुढे रेखांशाचा रकाना निवडा, वायपुढे अक्षांशाचा.

तुमची फाइल मी सरळ करून पाहिली, तरी तीन शाळा घरी परतल्या नाहीत. त्या कसाऱ्याच्या खाली, शहापूर तालुक्यात जाऊन बसल्या. त्यांच्यापुढे १९.५९ आणि ७३.४७ असे आकडे आहेत. मुळात ते १९ अंश ५९ मिनिटं आणि ७३ अंश ४७ मिनिटं असणार. कुणीतरी मधे टिंब देऊन मोकळं झालं. मिनिटांना साठाने भागायचं असतं. ५९ भागिले ६० म्हणजे ०.९८३, म्हणून अक्षांश १९.९८३. तसाच रेखांश ७३.७८३. नाशिकमधलं एखादं ठिकाण घाटाखाली उतरलेलं दिसलं, की हल्ली मी आकडे न बघताच हे निदान सांगतो.

प्रश्न : सर, सातबाऱ्यावर क्षेत्र १ हेक्टर २० आर आहे. गुगल अर्थवर बागेभोवती रेघ ओढली, त्या रेघेची केएमएल फाइल क्यूजीआयएसमध्ये घेऊन नवीन लेयर (नकाशाचा थर) सेव्ह केली. फील्ड कॅल्क्युलेटर १.३६ हेक्टर म्हणतो. शेजाऱ्याचा बांध मी कोरलाय की काय? (द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका)

दादा, निर्धास्त राहा. १.३६ ला १.२० ने भागा, १.१३ येतात. आपल्याकडे कुठलंही क्षेत्र नेमकं तेरा टक्क्यांनी फुगलं की चोर एकच : वेब मर्केटर, कोड ३८५७. ऑनलाइन नकाशे ज्यावर चालतात ते हे प्रक्षेपण, म्हणजे गोल पृथ्वी सपाट करायची रीत, विषुववृत्तापासून दूर जाल तसं जमिनीला ताणत नेतं. वीस अक्षांशावर लांबी सुमारे ६.४ टक्के वाढते. ताण दोन्ही बाजूंना, म्हणून क्षेत्रफळ तेरा टक्के. तुमचे १६ आर तिथून आले. मागे गुगलचा नकाशा लावलेला होता, त्यामुळे प्रोजेक्ट ३८५७ मध्ये होता आणि लेयर सेव्ह करताना तुम्ही तेच निवडलंत.

उपाय दोन. फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये एरिया या फंक्शनऐवजी डॉलरचं चिन्ह लावलेलं एरिया वापरा. प्रोजेक्टच्या प्रॉपर्टीजमध्ये इलिप्सॉइड (पृथ्वीचा किंचित चपटा आकार) निवडलेला असेल, तर ते पृथ्वीचा गोलवा धरून मोजतं. किंवा लेयरच यूटीएम या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रक्षेपणात, झोन ४३ उत्तर, कोड ३२६४३ मध्ये न्या. नाशिकला या झोनमध्ये १ हेक्टर २० आरमागे फरक पडतो पाचेक चौरस मीटरचा, म्हणजे दोन वेलींमधल्या मोकळ्या जागेइतका.

मात्र नेताना ‘सेट लेयर सीआरएस’ वापरू नका (सीआरएस म्हणजे लेयरचे आकडे कुठल्या पद्धतीतले ते). ती आज्ञा क्रेटवरची चिठ्ठी बदलते, आतली द्राक्षं तीच राहतात. अंशांतल्या लेयरवर ३२६४३ ची चिठ्ठी चिकटवलीत, तर तुमची बाग मालदीवच्या पश्चिमेला, विषुववृत्तावर समुद्रात सापडेल. लेयरवर उजवी क्लिक, ‘एक्स्पोर्ट’, ‘सेव्ह फीचर्स ॲज’, आणि तिथे ३२६४३ निवडा.

आणि बांधाचा वाद खरंच असेल, तर स्क्रीनवरची रेघ कुणी विचारात घेणार नाही. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षक कार्यालयात मोजणीचा अर्ज करा. तिथून मिळणारी ‘क’ प्रत हाच कागद.

प्रश्न : गावांची नावं मराठीत भरली होती. शेपफाइल (नकाशाच्या माहितीची फाइल) केल्यावर कुठे चौकोन, कुठे प्रश्नचिन्हं, कुठे भलतीच इंग्रजी अक्षरं दिसतात. (संगणक ऑपरेटर, त्र्यंबकेश्वर तालुका)

हे तीन वेगळे आजार आहेत, एकच गोळी चालणार नाही.

चौकोन दिसत असतील तर माहिती शाबूत आहे, फक्त फॉन्टला देवनागरी येत नाही. लेबलसाठी निर्मला यूआय किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या.

डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ‘ए’ दर दोन-तीन अक्षरांनी परत परत येत असेल, तर युनिकोड मजकूर चुकीच्या एन्कोडिंगने, म्हणजे अक्षरं साठवायच्या भलत्याच पद्धतीने, वाचला जातोय. लेयर प्रॉपर्टीजमध्ये ‘सोर्स’ या पानावर एन्कोडिंग यूटीएफ-८ करा. पाठवताना एन्कोडिंग सांगणारी सीपीजी ही इवलीशी फाइलही सोबत द्या. लोक नेमकी तीच वगळतात.

प्रश्नचिन्हं असतील तर अक्षरं सेव्ह करतानाच गेली. मूळ एक्सेल शोधा आणि ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हा प्रकार निवडून पुन्हा काढा.

चौथाही एक आजार आहे, जुन्या कार्यालयीन याद्यांमध्ये हमखास भेटणारा. एक्सेलमध्ये मजकूर छान मराठी दिसतो. तो निवडून फॉन्ट एरियल करा. इंग्रजी अक्षरांचा भुसा झाला, तर टायपिंग कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये झालंय. तिथे कन्व्हर्टर लावून युनिकोड करण्यावाचून गत्यंतर नाही. नंतर जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. तुमच्या तालुक्याचं नावच उत्तम कसोटी आहे. ‘त्र्यं’ धड आला तर बाकीचं बहुतेक येतं.

खरं तर मराठीसाठी शेपफाइल सोडाच. तिच्यात रकान्याच्या नावाला दहा बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रेसकट, तीन बाइट खातं. ‘गावाचे नाव’ लिहिलंत तर ‘गाव’वरच जागा संपते. जिओपॅकेज या नव्या प्रकारच्या फाइलमध्ये ही कटकट नाही, आणि चार-पाच फाइलींऐवजी एकच सांभाळायची.

प्रश्न : प्रकल्पासाठी नाशिकची जुनी टोपोशीट (सर्व्हे ऑफ इंडियाचा छापील नकाशा) मिळाली, ४७ ई/१३. तिच्यात रामकुंडच नाही! शिवाय जिओरेफरन्स केल्यावर, म्हणजे शीट खऱ्या जागेवर बसवल्यावर, रस्ते उपग्रह चित्रापासून सरकलेले दिसतात. (भूगोलाची विद्यार्थिनी, नाशिकरोड)

शीट बरोबर आहे, आपलं शहरच दोन शीटवर पसरलंय. २० अंशांचं अक्षवृत्त नाशिकमधून जातं आणि सर्व्हे ऑफ इंडियाच्या जुन्या क्रमांकांत तिथे ४७ संपून ४६ सुरू होतो. नाशिकरोड ४७ ई/१३ वर, रामकुंड ४६ एच/१६ वर. गंगापूर धरण हवं असेल तर आणखी पश्चिमेची शीट लागेल.

रस्ते सगळे एकाच दिशेला, साधारण शंभर मीटर सरकले असतील, तर तुमच्या क्लिक चुकलेल्या नाहीत. जुन्या शीट एव्हरेस्ट या जुन्या इलिप्सॉइडवर आहेत, उपग्रह चित्र हल्लीच्या जीपीएसच्या डब्ल्यूजीएस ८४ वर. जिओरेफरन्स करताना कल्याणपूर १९७५ हा डेटम (अक्षांश-रेखांश मोजण्याचा पाया) निवडा, मग लेयर बदलून घ्या. २००५ च्या नकाशा धोरणानंतरच्या ओपन सिरीज शीट डब्ल्यूजीएस ८४ वरच असल्याने तिथे हा प्रश्न येत नाही. एका कोपऱ्यात जुळतंय आणि दुसऱ्यात नाही, असं असेल तर मात्र नियंत्रण बिंदू, म्हणजे शीट बसवताना क्लिक केलेल्या ओळखीच्या जागा, पुन्हा घ्या.

प्रश्न : गुगल अर्थ प्रो उघडलं की काळा पडदा. (वाचक, सिडको)

‘हेल्प’ मेन्यूत ‘लाँच रिपेअर टूल’ आहे. ते उघडून गुगल अर्थ बंद करा, मग चित्र काढायची पद्धत डायरेक्टएक्सवरून ओपनजीएलवर न्या आणि कॅशे पुसा. नाही जमलं तर ग्राफिक्स ड्रायव्हर नवा टाका. पण विंडोजच नव्याने टाकायची वेळ आली, तर आधी ‘माय प्लेसेस’वर उजवी क्लिक करून सगळं केएमझेड (दाबलेली केएमएल) फाइलमध्ये पेनड्राइव्हवर घ्या. मी एकदा ते केलं नव्हतं. अंजनेरीपासून साल्हेरपर्यंतच्या पायवाटांच्या खुणा होत्या त्यात. अजून निम्म्याही परत भरून झालेल्या नाहीत.