शेळीच्या अंगातली चरबी कुठं तयार होते, हे आयसोटोप लावून कसं कळतं?

तुमच्या एका प्रश्नात तीन प्रश्न आहेत: शेळीच्या यकृतात, चरबीत आणि कासेत मेदाचं काय चालतं हे आयसोटोपवरून कसं शोधतात, त्यासाठी कुठला आयसोटोप घ्यावा, आणि किरणोत्साराला कितपत भ्यायचं. मी परभणीला पशुवैद्यकाचं पदव्युत्तर शिक्षण घेताना उस्मानाबादी शेळ्यांवर हेच काम केलं होतं, म्हणून लिहितोय. आता गावोगाव जनावरं तपासत फिरतो, व्हायल (काचेची छोटी कुपी) हातात धरून बरीच वर्षं झाली. पण तेव्हाच्या चुका अजून तोंडपाठ आहेत.

आधी खूण कशाला लागते ते बघू. शेळ्यांच्या व्यापाऱ्याचा वाडा डोळ्यांपुढं आणा. या सोमवारी मोजल्या तर २००, पुढच्या सोमवारी मोजल्या तरी २००. मधल्या बाजारात दीडशे विकल्या आणि दीडशे नव्या आणल्या, हे त्या आकड्यावरून कधीच कळणार नाही. पाठीवर गेरूचा पट्टा ओढून ठेवला असता तर कळलं असतं. आयसोटोप, म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे अणू, हा आपला गेरू. ड्युटेरियम हा हायड्रोजनच, फक्त वजनाला दुप्पट. कार्बन-१३ आणि कार्बन-१४ हेही कार्बनच. (तिघांत किरणोत्सारी फक्त कार्बन-१४.) शरीर त्यांना जवळपास आपल्यासारखंच वागवतं, यंत्राला मात्र ते वेगळे दिसतात.

आयसोटोप हाताशी नव्हते तेव्हा, १९०४ साली, क्नूप या जर्मन शास्त्रज्ञानं मेदाम्लाच्या (चरबी ज्याची बनते त्या कार्बनांच्या साखळीच्या) टोकाला बेंझिनचं कडं अडकवून ते कुत्र्यांना खाऊ घातलं आणि लघवीत काय उतरतं ते पाहिलं. मेदाम्ल दोन-दोन कार्बनांनी तुटतं हे त्यावरून निघालं. काम थोरच, पण ती खूण म्हणजे शेळीच्या शेपटीला डबा बांधण्यासारखी. शेळी मग नेहमीसारखी चालेलच याची खात्री कुणी द्यावी?

युरे यांनी १९३१ साली ड्युटेरियम शोधला आणि चारच वर्षांत, त्यांच्याच कोलंबिया विद्यापीठात, शोनहायमर आणि रिटनबर्ग यांनी जवसाच्या तेलाला (हो, आपल्या चटणीतलंच जवस) ड्युटेरियम जोडून ते उंदरांना चारलं. तोवरची समजूत अशी की खाल्लेली चरबी आधी जळते, आणि अंगावरची चरबी म्हणजे पेवात पुरलेली ज्वारी, दुष्काळ पडला तरच उकरायची. पण उंदरांचं वजन वाढत नसतानाही खुणेच्या चरबीतला मोठा वाटा साठ्यात जाऊन बसलेला सापडला. म्हणजे साठा तेवढाच, माल सारखा बदलतोय. वर सांगितलेला व्यापाऱ्याचा वाडा तो हाच.

आता शेळीकडं येऊ. पुस्तकात 'यकृत ग्लुकोजपासून चरबी करतं' असं वाचलं असेल, तर ते इथं बाजूला ठेवा. कोंबडीत यकृत हा चरबीचा मुख्य कारखाना आहे. रवंथ करणाऱ्या जनावरात तसं नाही. कडबा पोटातल्या जिवाणूंच्या तावडीतून जातो, त्याचं ॲसिटेट (दोन कार्बनांचा छोटा तुकडा) होतं, आणि चरबीचा कच्चा माल तेच. १९५१ साली प्रसिद्ध झालेल्या कामात पोप्याक, फ्रेंच आणि फॉली यांनी दुभत्या शेळीच्या शिरेत कार्बन-१४ असलेलं ॲसिटेट सोडलं. दुधातल्या आखूड मेदाम्लांत खूण भरपूर उतरली, १८ कार्बनच्या लांब मेदाम्लांत फार कमी. म्हणजे आखूड मेदाम्लं कास स्वतः घडवते, लांब मेदाम्लं रक्तातून आयती घेते. (कॅप्रोइक, कॅप्रिलिक, कॅप्रिक ही नावंसुद्धा शेळीच्या लॅटिन नावावरूनच पडली आहेत.)

माझं काम याच्या मानानं साधं होतं. पहाटे खाटकाकडं दोन थर्मास घेऊन जायचो. एकात बर्फ, काळजाच्या (म्हणजे यकृताच्या) तुकड्यासाठी. दुसऱ्यात कोमट सलाइन, कारण शेळीची चरबी गार झाली की मेणासारखी घट्ट होते आणि मग तिच्या पेशींकडून काही काम होत नाही. "डाक्टर, त्या दुसऱ्यात चहा हाय का?" असं खाटीक मामा रोज विचारायचे. प्रयोगशाळेत पातळ काप काढायचे, खुणेच्या ॲसिटेटमध्ये दोन तास हलत्या कोमट पाण्यात ठेवायचे, मग अल्कोहोलमधल्या पोटॅशनं शिजवून मेदाम्लं वेगळी काढायची आणि सिंटिलेशन काउंटरवर मोजायची. हा काउंटर खरं तर प्रकाश मोजतो: कार्बन-१४ मधून सुटलेला बीटा कण द्रावात शिरतो, द्राव लुकलुकतो, यंत्र त्या लुकलुकी मोजतं.

माझे आकडे सुंदर आले. चरबीत भरपूर, काळजात जवळजवळ शून्य, अगदी पुस्तकात लिहिल्याप्रमाणं. मी खूश. सरांनी दोन व्हायल खिडकीच्या उजेडात धरल्या आणि एवढंच विचारलं, "हा पिवळा रंग कशाचा?" काळजाच्या अर्काचा तो रंग लुकलुकीचा उजेडच गिळत होता. व्हायलमध्ये माहीत असलेल्या मापाचा कार्बन-१४ टाकून पुन्हा मोजलं, तर त्यातला निम्माच दिसला. दुरुस्ती केल्यावरही काळीज चरबीच्या खूपच मागं राहिलं, निष्कर्ष बदलला नाही. पण माझं उत्तर चुकीच्या रस्त्यानं बरोबर आलं होतं, आणि उत्तर मनासारखं आलं की माणूस व्हायल उजेडात धरून बघत नाही.

दुसरा सापळा खूण पातळ होण्याचा. गेरूच्या दहा शेळ्या पन्नासांच्या वाड्यात सोडल्या आणि दहाच पाचशेंच्या वाड्यात सोडल्या, तर दारातून बाहेर पडणाऱ्या पट्टेवाल्या शेळ्या मोजून दोन्ही वाड्यांच्या उलाढालीची तुलना होत नाही. म्हणून नुसती मोजणी सांगू नका, त्या अवयवातल्या कच्च्या मालात खुणेचं प्रमाण किती होतं तेही सांगा.

तिसऱ्या सापळ्यात भले भले अडकलेत. मेदाम्लातला कार्बन-१४ ग्लुकोजमध्ये सापडतो, म्हणून चरबीपासून साखर झाली असं वाटतं. तसं नसतं. क्रेब्स चक्रात (पेशीत अन्न जाळणाऱ्या रासायनिक चक्रात) दोन कार्बन आत येतात, दोन कार्बन डायऑक्साइड होऊन बाहेर पडतात. मधे नुसती अदलाबदल होते. गर्दीत घासून गेरू दुसऱ्या शेळीला लागला म्हणून शेळ्या वाढत नाहीत.

किरणोत्साराबद्दल: कार्बन-१४ चा बीटा कण हवेत वीतभर जाऊन थांबतो, काचेच्या भिंतीपलीकडं येत नाही. भीती आहे ती पोटात किंवा श्वासात जाण्याची, आणि अर्धायुष्य ५७३० वर्षं असल्यानं कचरा 'जुना होऊन' संपण्याची वाट बघता येत नाही. अणुऊर्जा नियामक मंडळाचे नियम पाळूनच काम करावं लागतं. जिवंत शेळीला दिलात तर तिचं दूध, मांस कायमचं बाद. म्हणून कापांवर कार्बन-१४ आणि जिवंत जनावरात ड्युटेरियम किंवा कार्बन-१३, असं माझं मत. जड पाणी, म्हणजे ड्युटेरियमचं पाणी, आपल्या देशातच बनतं, रायगडातल्या थळला त्याचा कारखाना आहे. ते थोडं पाजलं की त्या काळात नव्यानं घडलेल्या मेदाम्लांत ड्युटेरियम उतरतो, जुन्या चरबीत नाही.

पैसे कमी असतील तर आपल्या शिवारातच एक फुकटची खूण आहे. ज्वारी, मका, बाजरी हवेतला कार्बन वेगळ्या पद्धतीनं बांधतात, त्यामुळं त्यांत कार्बन-१३ इतर पिकांपेक्षा थोडा जास्त असतो: तुलनेसाठी ठरवलेल्या प्रमाण नमुन्यापेक्षा दर हजारी सुमारे १२ ते १४ नंच कमी. सोयाबीन, तूर, हरभऱ्यात तो सुमारे २७ नं कमी. टीझेन आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली जर्बिल या उंदरासारख्या प्राण्यांना मक्यावरून गव्हावर आणून बघितलं, तर यकृतातला जुना कार्बन निम्मा व्हायला ६.४ दिवस लागले, केसांतला ४७.५ दिवस. कडब्यावरची शेळी सोयाबीनच्या भुसकटावर आणली तर हाच खेळ तुम्हाला दुधात आणि केसांत बघता येईल. फक्त सरकीची पेंड बंद ठेवा: तीही सोयाबीनच्याच गटातली, आणि तिच्यातलं तेल थेट दुधात उतरून सगळा हिशोब बिघडवतं. आणि खाद्य बदलायच्या आदल्या दिवशीचं दूध नि केस काढून, तारीख टाकून, गोठवून ठेवा. ते नमुने नंतर कुठूनच मिळत नाहीत.