पत्रा दाबून गाडी कळत नाही: स्विफ्टच्या चार पिढ्या आणि कन्नडचा घाट

भाऊ, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे पुढे वाचणाऱ्यालाही कळेल. घरी 2010 ची मारुतीची स्विफ्ट व्हीडीआय, म्हणजे डिझेलची, वडिलांनी जीव लावून सांभाळलेली. 15 वर्षे झाली म्हणून रिपासिंग करून घेतले. आता वडिलांनाच महिन्यातून दोन-तीनदा चाळीसगावहून छत्रपती संभाजीनगरला दवाखान्यात न्यावे लागते, म्हणून नवी स्विफ्ट पाहायला गेलात. सोबतच्या मामांनी बोनेटवर अंगठा दाबला आणि म्हणाले, "काही दम नाही भो हिच्यात." नवीचे इंजिन तीन सिलिंडरचे आहे हे ऐकून वडीलही नाराज झाले. तर जुनी ठेवावी की नवी घ्यावी?

मी जळगावचा. पहिल्या पिढीची डिझेल स्विफ्ट नऊ वर्षे वापरली, आज घरी तिसऱ्या पिढीची पेट्रोल आहे. बहीण चाळीसगावला असते, तिच्या मुलीने चौथ्या पिढीची घेतली आहे. ती घेऊन औट्रम घाट, म्हणजे आपला कन्नडचा घाट, दोनदा चढलो आहे. त्यामुळे ऐकीव सांगत नाही.

स्विफ्ट आपल्याकडे आली मे 2005 मध्ये. तोवर घरची छोटी गाडी म्हणजे 800, झेन, नाहीतर वॅगन आर. स्विफ्ट रुंद होती, रस्त्याला चिकटून चालायची. पेट्रोल इंजिन 1298 सीसीचे, एस्टीमच्या घराण्यातले, 87 हॉर्सपॉवरचे. पुढच्याच वर्षीच्या बजेटमध्ये छोट्या गाड्यांवरची एक्साइज (उत्पादन शुल्क) 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आली, पण अट अशी की लांबी 4 मीटरच्या आत हवी आणि इंजिन पेट्रोल असेल तर 1200 सीसी, डिझेल असेल तर 1500 सीसीच्या आत. स्विफ्टचे पेट्रोल इंजिन या अटीत 98 सीसीने बसेना. 2010 मध्ये 1197 सीसीचे इंजिन आले, त्याला हेही एक मोठे कारण आहे. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या गाड्यांचा जीएसटी 18 टक्के झाला, त्यालाही हीच मापे लागू आहेत. म्हणून सांगतो, या गाडीची पिढी बदलते तेव्हा रंगरूप नंतर पाहा. आधी कर, ॲव्हरेज आणि सुरक्षेचे नियम काय बदलले ते पाहा. गाडी त्यांच्या मापाने शिवली जाते.

2007 मध्ये डिझेल आले, आणि त्यावर मला जरा जास्त बोलायचे आहे. 1248 सीसीचे फियाटचे मल्टिजेट इंजिन, हॉर्सपॉवर फक्त 75, पण टॉर्क, म्हणजे ओढायचा जोर, 190 न्यूटन मीटर, तोही 2000 आरपीएमला. हेच इंजिन इंडिका व्हिस्टात होते, पुंटोत होते, रिट्झ आणि डिझायरमध्येही होते. 2000 च्या खाली ते सुस्त असायचे, टर्बो लागला की मागून कुणी ढकलल्यासारखी गाडी निघायची. पाच माणसे, डिक्कीत सामान आणि वर घाट असला तरी तिसऱ्या गिअरवर चढायची. तुमच्या वडिलांचा जीव ज्या गाडीत अडकलाय, तो खरे तर या इंजिनात अडकलाय. माझाही अडकला होता. गाडी विकली त्या दिवशी मी घरी कुणाशी फार बोललो नाही.

दुसरी पिढी 2011 च्या ऑगस्टमध्ये आली. लांबी 3850 मिलिमीटर झाली, चाकांमधले अंतर 40 मिलिमीटरने वाढले, पण डिक्की उलट आणखी लहान झाली. बाकी फार सांगण्यासारखे नाही.

2018 ची तिसरी पिढी मात्र वेगळी. प्लॅटफॉर्म नवा, हार्टेक्ट नावाचा, आणि गाडी 80-85 किलोंनी हलकी झाली. "पत्रा पातळ झाला" ही ओरड तेव्हापासूनची. डिक्की 268 लिटरची झाली, ग्राउंड क्लिअरन्स 170 वरून 163 मिलिमीटरवर आला. मागच्या दाराचे हँडल खिडकीच्या मागे, वर लपवले. दिसायला छान, पण वयस्कर माणसे दारावर हात फिरवत हँडल शोधतात. चौथ्या पिढीत ते परत जागेवर आणले, आणि तुमच्या वडिलांसाठी ही मोठी सोय आहे. 1 एप्रिल 2020 ला धुराचे कडक नियम, बीएस 6, लागू झाले आणि स्विफ्टचे डिझेल बंद झाले. एवढ्या छोट्या गाडीत धूर साफ करायची महागडी यंत्रणा बसवून किंमत आवाक्यात ठेवणे जमणारे नव्हते.

आता मामांच्या अंगठ्याबद्दल. बोनेटचा, दाराचा बाहेरचा पत्रा हे गाडीचे कातडे आहे. धडक झाली की भार घेतात ती हाडे, म्हणजे पुढचे लांब बीम, खांब, दाराखालचा उंबरा. ती आत असतात, अंगठ्याला लागत नाहीत. वजनाने सुरक्षा ठरत असती तर जड असलेल्या दुसऱ्या पिढीला जास्त गुण मिळायला हवे होते. गाड्या आदळवून सुरक्षेचे तारे देणाऱ्या ग्लोबल एनकॅप संस्थेने 2014 मध्ये तिचे बिनएअरबॅगचे मॉडेल आदळवले, एकही तारा मिळाला नाही. हलक्या तिसऱ्या पिढीला दोन एअरबॅगसह 2018 मध्ये 2 तारे मिळाले, आणि चाचणी कडक झाल्यावर 2022 मध्ये 1. म्हणजे जुनी दणकट आणि नवी कचकड्याची हे खरे नाही, तसे "हलकी असली तरी मजबूत आहे" असे सेल्समन म्हणतो तेही जसेच्या तसे घेऊ नका. आणखी एक, नव्या डिझायरला 2024 मध्ये 5 तारे मिळाले. शोरूममध्ये ते स्विफ्टच्या बोलण्यातही ऐकू येतील. ती वेगळी गाडी आहे, तिचे तारे हिला लावायचे नाहीत.

मे 2024 च्या चौथ्या पिढीत सहा एअरबॅग, ईएसपी (गाडी घसरू लागली की सावरणारी यंत्रणा) आणि पाचही जागांना तीन टोकांचे बेल्ट सगळ्या मॉडेलमध्ये आहेत. तुमच्या गाडीत एकही एअरबॅग नाही, असे तुम्हीच लिहिले आहे. वडील पुढच्या सीटवर बसतात, आणि घाटात समोरून येणारा ओव्हरटेक करताना कसा येतो ते तुम्ही दर खेपेला पाहता. माझ्यासाठी हा प्रश्न इथेच सुटतो.

राहिले तीन सिलिंडर. इंजिन 1197 सीसीचेच आहे, एक सिलिंडर कमी म्हणजे घर्षण कमी, म्हणून कंपनी लिटरला 24.80 किलोमीटर सांगते. हॉर्सपॉवर 90 वरून 82 च्या आसपास आली, टॉर्क 112. सिग्नलला उभे असताना थोडी थरथर जाणवते, शहरात मात्र कमी वेगात जुन्या चार सिलिंडरपेक्षा बरी ओढते. पण जुन्या डिझेलचा 190 कुठे आणि हिचा 112 कुठे! मे महिन्यात फुल एसी, चार माणसे, कन्नडचा घाट: तिसऱ्यावर दम धरत नाही, वळणाआधीच दुसरा टाकावा लागतो आणि इंजिनचा आवाज वाढतो. वडिलांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर पहिल्याच वळणावर ते म्हणतील गाडी मरतेय. पेट्रोलला फिरवूनच ताकद काढायची असते, त्यात इंजिनचे नुकसान नाही.

सीएनजीचा मोह होईल, किलोला 32.85 किलोमीटर म्हणतात. पण ताकद 70 हॉर्सपॉवरच्या आत येते आणि डिक्की टाकीत जाते. वडिलांचा वॉकर, फाइलींची पिशवी, रात्री थांबावे लागले तर अंथरूण, हे कुठे ठेवणार? तुम्ही पेट्रोलच घ्या. वरच्या मॉडेलमध्ये मागच्या सीटला एसीची हवा येते. आपल्या उन्हाळ्यात मागे आई बसणार असेल तर ते पैसे सार्थकी लागतात. वडिलांचे गुडघे फार दुखत असतील तर मात्र त्यांना आधी गाडीत चार वेळा बसवून-उतरवून बघा, स्विफ्टची सीट खाली आहे.

जुनी विकायची घाई करू नका. रिपासिंग झालेलेच आहे. एक्सचेंजमध्ये फार पैसे येणार नाहीत. शेतात, बाजारात जायला ती अजून चांगली आहे, आणि वडिलांच्या डोळ्यांसमोर दारात राहील.

टेस्ट ड्राइव्ह दुपारी दोनची मागा, एसी फुल करा, घरची चौघे बसवा, मामांनाही घ्या. शोरूमभोवतीची सपाट चक्कर नको, चढाचा रस्ता मागा. दुसऱ्या गिअरवर कशी वाटली ते इथे येऊन नक्की लिहा.