थायोफीनमध्ये गंधक असूनही ते बेंझीनसारखं का वागतं, आणि ते बनवतात कसं?

थायोफीन म्हणजे चार कार्बन आणि एक गंधक यांचं पाच अणूंचं वलय (कडं). वलयात गंधक असताना थायोफीनला बेंझीनच्या (सहा कार्बनच्या स्थिर वलयाच्या) पंगतीत का बसवतात, हा तुमचा प्रश्न मला फार आवडला, कारण या पदार्थाचा शोधच त्या साम्यामुळे लागला. बेंझीनमध्ये आयसॅटिन (एक सेंद्रिय संयुग) आणि तीव्र सल्फ्युरिक आम्ल घातलं की निळा रंग येतो, आणि ही बेंझीनची खूण मानली जाई. 1882 मध्ये जर्मन रसायनशास्त्रज्ञ व्हिक्टर मायर यांनी व्याख्यानात बेंझॉइक आम्लापासून केलेलं बेंझीन वापरलं, तर रंग आलाच नाही! कोलटारमधून (दगडी कोळशापासून मिळणाऱ्या डांबरातून) काढलेल्या बेंझीनला मात्र तो येत होता. म्हणजे रंग देणारं दुसरंच काहीतरी त्यात मिसळलेलं होतं, आणि ते होतं थायोफीन.

ते तोवर सापडलं नाही याचं कारण साधं आहे. बेंझीन 80 अंश सेल्सिअसला उकळतं, थायोफीन 84 अंशांना. दोन्ही रंगहीन द्रव, त्यामुळे ऊर्ध्वपातनाने ते नीट वेगळे होत नाहीत.

आता मूळ मुद्दा. वलयभर पसरणाऱ्या सामायिक इलेक्ट्रॉनांमध्ये चार कार्बन प्रत्येकी एक इलेक्ट्रॉन देतात आणि गंधक आपल्या दोन एकाकी जोड्यांपैकी (बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉन-जोड्यांपैकी) एक जोडी देतो. झाले सहा, बेंझीनइतकेच. म्हणून वलय स्थिर राहतं. पण इथे सहा इलेक्ट्रॉन पाचच अणूंवर पसरलेले असतात, त्यामुळे थायोफीन बेंझीनपेक्षा बरंच चपळ आहे, म्हणजे अभिक्रिया लवकर करतं. नवा गट बहुधा गंधकाशेजारच्या कार्बनवर बसतो. थंड, तीव्र सल्फ्युरिक आम्लाशी थायोफीनची अभिक्रिया लवकर होते आणि बेंझीन तसंच राहतं. या फरकाचा उपयोग बेंझीन शुद्ध करायला होतो.

बनवायच्या रीती बऱ्याच आहेत. कारखान्यात ब्यूटेन आणि गंधकाची वाफ 500 अंशांच्या वर तापवून ते मिळवता येतं. सोडियम सक्सिनेट फॉस्फरसच्या सल्फाइडबरोबर तापवणं ही जुनी रीत. मला सगळ्यात सुबक वाटते ती पाल–नॉर पद्धत: दोन कीटोन गटांच्या (कार्बनला दुहेरी बंधाने ऑक्सिजन जोडलेल्या गटांच्या) मध्ये दोन कार्बन असलेला रेणू घ्यायचा, त्याला फॉस्फरस पेंटासल्फाइड किंवा लॉवेसनचा अभिकारक (दोन्ही गंधक पुरवणारे पदार्थ) द्यायचा, की वलय मिटतं आणि त्या दोन गटांपलीकडचे कार्बन तसेच वलयाला चिकटून राहतात. हवं ते थायोफीन आधीच आखून करता येतं, ही तिची खरी ताकद. मात्र यात विषारी हायड्रोजन सल्फाइड सुटू शकतो, तेव्हा हे काम फ्यूम हूडमध्येच (विषारी वायू बाहेर ओढून घेणाऱ्या कपाटात), आणि जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली करा.