करार युनियनचा झाला, बाकीच्यांचं काय?

प्रश्न : ताई, मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या मोठ्या कंपनीत एचआरला आहे. पर्मनंट कामगारांची युनियन आहे, पण सुपरवायझर आणि कंत्राटी पोरं युनियनच्या बाहेर. परवा त्यांचा तीन वर्षांचा पगारवाढीचा करार झाला, गेटवर पेढे वाटले, आणि दुसऱ्या दिवसापासून बाकीचे माझ्या टेबलापाशी, "आमचं काय?" साहेब म्हणतात त्यांना थोडंफार देऊन आपल्या बाजूला ठेवा, म्हणजे युनियन ताब्यात राहील. मला पटत नाहीये. काय करू?

उत्तर : पटत नाहीये तर करूच नका. बाहेरच्यांना युनियनविरुद्ध वापरलं तर कॅन्टीनमधून युनियनच्या कमिटीला लगेच कळतं, मग पुढच्या करारात तुमच्या एकाही आकड्यावर कुणी विश्वास ठेवत नाही. शिवाय संघटना मोडायच्या हेतूने ऐन मोक्याला पगारवाढ देणं ही महाराष्ट्राच्या 1971 च्या कायद्यात अनुचित कामगार प्रथा आहे, हे साहेबांना स्पष्ट सांगा.

सुपरवायझरांचं म्हणाल तर, नव्या औद्योगिक संबंध संहितेत महिन्याला 18,000 च्या वर पगार असलेला सुपरवायझर कामगार धरतच नाहीत, म्हणजे त्यांच्यासाठी भांडणारं कुणीच नाही. त्यांची वाढ कधी आणि कशावर ठरणार ते मॅनेजमेंटकडून लेखी घ्या आणि त्यांना सांगा, "बघू" म्हणू नका, त्या एका शब्दाने माणसं फार दुखावतात.

कंत्राटी पोरांकडे मात्र जास्त लक्ष द्या, कारण त्यांचं "आमचं काय" दरवेळी पगारवाढीबद्दल नसतंच. सेकंड शिफ्ट सुटताना लाईनवर जा, त्यांच्या पगारस्लिपा बघा, पीएफ कापलाय तो त्यांच्या मोबाईलवर पासबुकात दिसतोय का, ओव्हरटाइम दुप्पट दराने लागलाय का, ईएसआयचं, म्हणजे कामगार विम्याचं, कार्ड मिळालंय का, मला तर वाटतं निम्म्या तक्रारी तिथेच सापडतील. आणि ठेकेदाराने पगार बुडवला तर कायद्याने तो शेवटी मूळ कंपनीलाच द्यावा लागतो, हे वाक्य साहेबांच्या केबिनमध्ये चांगलं चालतं!

आणि हो, हे सुरू करायच्या आधी युनियनच्या सेक्रेटरीला भेटून सगळं सांगा. परवानगी मागायला नाही हं, फक्त त्यांना दुसऱ्याकडून कळायला नको म्हणून.