केबिनच्या खिडकीतून : मिसळीची पैज आणि कोपऱ्यातला ठिपका

या महिन्याची पत्रं बहुतेक भांडणांची आहेत. जुन्या बोलपटांवरून भांडणारी माणसं मला फार जवळची वाटतात. 34 वर्षं मी थिएटरात ऑपरेटर होतो; मशीनच्या शेजारच्या चौकोनी खिडकीतून पडदाही दिसायचा आणि माणसांची डोकीही. त्या दोन्हींच्या आठवणीवर ही उत्तरं देतो आहे.

प्रश्न : आम्ही पाच निवृत्त मित्र सकाळी फिरून झालं की चहाच्या गाड्यावर बसतो. एकाचं म्हणणं, ‘संत तुकाराम’मधलं ‘आधी बीज एकले’ हा तुकोबांचाच अभंग. दुसरा म्हणतो, नाही. पाच प्लेट मिसळीची पैज लागली आहे. पहिल्यानं गाथा आणून चार दिवस चाळली. पद सापडलं नाही, तर आता म्हणतो, छापणाऱ्यांनी गाळलं! निकाल द्या.
— पाच मित्र, सांगली

उत्तर : मंडळी, गाथा पूर्ण आहे. मिसळ पहिल्या मित्रानं द्यायची. ते पद शांताराम आठवले यांनी ‘प्रभात’च्या त्या चित्रपटासाठी लिहिलं. चित्रपट 1936चा, दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल.

पण हरलेल्या मित्राला चिडवू नका. गाथा उघडून चार दिवस शोधावंसं वाटलं, इतकं ते पद तुकोबांच्या बोलीत मुरलेलं आहे. आठवल्यांना याहून मोठी पावती कुणी दिली असेल असं मला वाटत नाही. चित्रपटाचा पुढच्या वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, तरी माझ्या लेखी तुमच्या मित्राचे चार दिवस जास्त मोलाचे.

आमच्या आजीनं हा चित्रपट जत्रेतल्या तंबूत पाहिला होता. आत शिरताना तिनं चपला बाहेर काढल्या. तुकोबा झालेले विष्णुपंत पागनीस आधी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करायचे हे तिला कुणीतरी सांगितलं, तर दोन दिवस ती त्या सांगणाऱ्याशी बोलली नाही. पण गंमत पुढे आहे. भक्ती तुकोबांवर आणि वकिली जिजाईची! गौरीबाईंची जिजाई पडद्यावर कडाडली की आजी मोठ्यानं म्हणायची, “घरात दाणा नाही, हा सगळं वाटून आलाय. ती बोलेल नाहीतर काय करेल?” आजूबाजूच्या बायका “बरोबर आहे” म्हणायच्या. तेव्हा सांगलीकर, मिसळ खाताना पुढची पैज यावर लावा : तुकोबा बरोबर की जिजाई? पाव कमी पडतील.

प्रश्न : आजोबांबरोबर जुने चित्रपट बघते. ते मध्येच म्हणतात, “आता रीळ बदललं.” त्यांना कसं कळतं? विचारलं तर नुसते हसतात.
— कॉलेजात शिकणारी नात, पुणे

उत्तर : बाळ, आजोबांचं गुपित फोडतो, त्यांनी रागावू नये. पडद्याच्या उजव्या हाताच्या वरच्या कोपऱ्यावर नजर ठेव. एक लहानसा गोल ठिपका चमकून जाईल. तो फिल्मवरच्या चार चौकटींपुरताच, म्हणजे चार चित्रांपुरताच असतो; सेकंदाचा सहावा भाग. पापणी लवली तर गेला. साधारण सात सेकंदांनी दुसरा ठिपका येतो आणि लगेच दृश्य बदलतं. तिथं एक रीळ संपून दुसरं सुरू झालं.

हे ठिपके प्रेक्षकांसाठी नव्हतेच, आमच्यासाठी होते. केबिनमध्ये दोन मशिनं असायची. दोन हजार फुटांचं रीळ बावीस मिनिटांच्या आसपास चालतं. एका मशीनवर रीळ संपत आलं की दुसऱ्यावर पुढचं लावून, मशीनच्या दिव्यातल्या कार्बनच्या कांड्या पेटवून, हात मुठीवर ठेवून मी खिडकीशी उभा राहायचो. पहिला ठिपका दिसला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू, दुसरा दिसला की इकडचा प्रकाश बंद आणि तिकडचा चालू. बाल्कनीतल्या माणसाला कळलंही नाही पाहिजे. आजोबांना कळतं, म्हणजे त्यांनी तरुणपणी पडदा किती प्रेमानं पाहिला असेल बघ.

या रिळांची एक हकीगत सांगतो. छापील प्रत एकच आणि थिएटरं दोन असा प्रकार तेव्हा चालायचा. दुसऱ्या थिएटरातला खेळ आमच्या अर्धा तास आधी सुरू व्हायचा. एकेक रीळ संपलं की पोरगा ते डब्यात घालून सायकलवरून आमच्याकडे आणायचा. एका रविवारी मॅटिनीला ‘लाखाची गोष्ट’ होता. राजा परांजपे यांचा, 1952चा. लाख रुपये महिन्याभरात खर्च करून दाखवायचे, अशी दोन मित्रांना पडलेली अट. गोष्ट ऐन रंगात आली आणि आमच्याकडचं रीळ संपलं. पुढचं आलंच नाही! वाटेत पोराच्या सायकलची चेन तुटली होती.

दिवे लावले. पहिली पाच मिनिटं शिट्या. मग थर्ड क्लासमधला एक हमाल उठून म्हणाला, “माझ्याकडे लाख आले तर मी चाळीस म्हशी घेईन.” मागून आवाज आला, “म्हशी घेतल्या तर पैसे खर्च कुठं झाले? त्या दूध देणार, पैसे वाढणार. तू अट हरलास.” मग काय, सगळं थिएटर कामाला लागलं. एकानं गावजेवण घातलं. दुसरा म्हणाला, पत्रिका छापल्या तर लोक आहेर आणतील, पुन्हा पैसे वाढतील. बाल्कनीतल्या एका बाईंनी पोरीच्या लग्नाचा हिशेब मांडला, तेव्हा सगळ्यांनी मान्य केलं की लाख संपायला महिना कशाला, एक मांडव पुरे. एवढ्यात पोरगा घामाघूम होऊन रीळ घेऊन आला. मी दिवे मालवले तर खालून ओरडा झाला, “ओ ऑपरेटर, थांबा! बाईंचं होऊ दे.” मी थांबलो. बाईंचं झालं, मग रीळ लावलं.

आजोबांबरोबर बघताना तूही मध्येच थांबवून त्यांना विचार, तुम्ही लाख रुपये कसे उडवले असते? आणि आता पुढचा ठिपका तू आधी ओळखून दाखव.

प्रश्न : मराठी ‘शेजारी’त गजानन जागीरदार पाटील होते की मिर्झा? दोघा भावांचं बोलणं बंद व्हायची वेळ आली आहे.
— धाकटा भाऊ, सोलापूर

उत्तर : मिर्झा. जिवबा पाटील केशवराव दाते. व्ही. शांताराम यांनी 1941 साली याच गोष्टीचा हिंदी ‘पडोसी’ही केला; त्यात हिंदू शेजारी मजहर खान यांनी रंगवला आणि मुसलमान मिर्झा पुन्हा जागीरदारांनीच. अहो, तिसऱ्याच्याच कारस्थानानं जिवाभावाचे दोन शेजारी तुटतात, हीच त्या चित्रपटाची गोष्ट. त्याच चित्रपटावरून दोन भाऊ अबोला धरणार? आजच फोन करा.

प्रश्न : आमचे आबा सांगतात, एकाच चित्रपटात राम आणि सीता दोन्ही एकाच पुरुषानं केले होते. नातवंडं त्यांना ‘फेकू’ म्हणतात.
— सूनबाई, चिपळूण

उत्तर : आबा शंभर टक्के खरं बोलतात. दादासाहेब फाळके यांचा ‘लंकादहन’, 1917. राम आणि सीता दोन्ही अण्णा साळुंके. 1913च्या ‘राजा हरिश्चंद्र’ची तारामतीही तेच. त्या काळी पडद्यावर उभं राहायला बाई मिळेना, म्हणून फाळक्यांनी एका खाणावळीत काम करणाऱ्या या पोराला बोलावलं. आणि नुसते पडद्यावरचेच नका मोजू. सरस्वतीबाई फाळके फिल्मच्या कडांना भोकं पाडायच्या आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही करायच्या. नातवंडांनी आबांची माफी मागावी, गरम भज्यांसकट.

प्रश्न : मूकपटांतली माणसं तुरुतुरु का पळतात? मुलगा म्हणतो, तेव्हा सगळेच घाईत असायचे.
— एक वडील, नाशिक

उत्तर : कॅमेरा हातानं फिरवायचे. सेकंदाला सोळाच्या आसपास चौकटी टिपल्या जायच्या. बोलपटाचं मशीन चोवीस चौकटींनी चालतं, म्हणून चालणारा पळू लागतो. योग्य वेगानं दाखवला तर मूकपटातला माणूस तुमच्या-आमच्यासारखाच चालतो. मुलाला तसा एकदा दाखवाच.

प्रश्न : ‘श्यामची आई’ लागला की आमचे हे रडायची जागा यायच्या पाच मिनिटं आधीच रुमाल काढतात आणि मला कोपरानं ढोसून म्हणतात, “आता बघ.” 40 वर्षांत मला एकदाही स्वतःहून रडू दिलेलं नाही. उपाय सांगा.
— त्रासलेली पत्नी, कोल्हापूर

उत्तर : ताई, असा माणूस प्रत्येक खेळाला एक तरी असायचाच. खिडकीतून मला दिसायचं, आधी एक पांढरा रुमाल वर जायचा आणि मग त्याच्या भोवतीचे सात-आठ. आचार्य अत्रे यांच्या 1953च्या या चित्रपटाला राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळालं. पण मी पदकाच्या आधीपासून आई झालेल्या वनमालाबाईंना मानतो. श्यामवर रागावतानाही त्यांच्या डोळ्यांत माया तशीच दिसते.

उपाय असा : त्यांना ‘आता बघ’ म्हणायची बंदी घाला आणि त्याऐवजी तुमचा हात धरायला सांगा. जागा तर कळेलच आणि कोपरही लागणार नाही. तुम्हाला मात्र त्यांच्या आधी रडायचं असेल, तर सुरुवातीलाच सुरू करा. माझं तसंच होतं.

प्रश्न : वडिलांचा फिरता सिनेमा होता. माळ्यावर फिल्मचे तीन डबे सापडले. एकातून शिरक्यासारखा आंबट वास येतो. नातेवाईक म्हणतात, भंगारात द्या.
— मुलगी, सातारा जिल्हा

उत्तर : ताई, कृपा करून देऊ नका. आणि आधी सुरक्षिततेचं ऐका. 1950च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत फिल्म नायट्रेटची असायची. ती पेटली तर पाण्यातही विझत नाही. 2003 साली पुण्यात अशा जुन्या फिल्मींच्या कोठाराला आग लागली आणि ‘प्रभात’चं केवढं तरी धन गेलं. म्हणून डबे गॅसपासून, देवाच्या दिव्यापासून, पत्र्याच्या तापणाऱ्या छपरापासून दूर, घरातल्या सर्वांत थंड, कोरड्या जागी ठेवा. आंबट वास म्हणजे बहुधा नंतरची, ॲसिटेटची फिल्म कुजू लागली आहे. तो डबा बाकीच्या दोघांपासून वेगळा करा. मुलांना दाखवायला फिल्म उलगडू नका. ती ठिसूळ झालेली असते, हातात तुकडे येतील.

मग पुण्याला लॉ कॉलेज रस्त्यावरच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाला कळवा. 1964पासून हेच त्यांचं काम. आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’, 1931चा, त्याची एकही प्रत आज उरलेली नाही. कुणाच्या तरी माळ्यावर तीही कधीकाळी असेल आणि कुणीतरी म्हणालं असेल, भंगारात द्या.

डब्यांच्या झाकणावर चिकटपट्टी असेल. त्यावर तुमच्या वडिलांनी पेन्सिलीनं चित्रपटाचं नाव आणि रिळाचा आकडा लिहिलेला असणार, आम्ही सगळे लिहायचो. हळूच फुंकर मारून धूळ उडवा आणि काय लिहिलंय ते मला उलट टपाली कळवा. मी वाट बघतो आहे.