दोन इंजिनं, एक रूळ

प्रश्न : माझ्याकडे 25 वर्षांपूर्वी जमवलेला एचओ मापाचा, म्हणजे खऱ्याच्या 87व्या हिश्श्याचा, खेळण्यातल्या रेल्वेचा लेआउट आहे. नॉब फिरवला की दोन्ही इंजिनं एकदमच पळतात. नातवाला ती मोबाईलवरून वेगवेगळी चालवायची आहेत. दुकानदार म्हणतो, सगळं काढा, नवं घ्या. खरंच गरज आहे का? आणि लहानपणी जिनं कुर्डुवाडीला जायचो ती बार्शी लाइट, म्हणजे अरुंद रुळांची गाडी, या मापात करता येईल का?
– निवृत्त शिक्षक, लातूर

उत्तर : गुरुजी, रूळ उखडू नका. दुकानदाराला त्याचा गल्ला दिसतोय.

तुमच्या जुन्या पद्धतीत रुळातला व्होल्टेज कमी-जास्त होतो आणि समोरचं प्रत्येक इंजिन तो निमूट घेतं. डिजिटलमध्ये, म्हणजे डीसीसीत (डिजिटल कमांड कंट्रोल), रुळात साधारण 15 व्होल्ट कायम खेळतात आणि त्यातूनच हुकूम जातात. इंजिनात बसवलेला डीकोडर, म्हणजे हुकूम ओळखून मोटर चालवणारं छोटं सर्किट, फक्त आपल्या नंबरचा हुकूम ऐकतो. नवा डीकोडर बहुधा 3 नंबर घेऊन येतो. दुसऱ्याचा आधी बदला, नाहीतर पुन्हा जोडीनंच पळतील.

जुन्या इंजिनात डीकोडर बसतो, पण घाई नडते. परभणीत माझं रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं, हातात सोल्डरिंग आयर्न धरूनच म्हातारा झालो, तरी पहिला डीकोडर मीच जाळला. मोटरचा खालचा ब्रश (मोटरला वीज देणारं टोक) चेसिसला, म्हणजे इंजिनाच्या धातूच्या सांगाड्याला, टेकलेला होता, तो पाहिलाच नाही. भस्सकन वास आला, खेळ खलास. म्हणून मोटरची दोन्ही टोकं चेसिसपासून आणि रुळापासून तुटलेली हवीत. मल्टिमीटर लावा, बीप वाजता कामा नये. मग 12 व्होल्ट देऊन चाकं क्षणभरच दाबून धरा आणि करंट बघा. 1 अँपियरच्या आत असेल तर एचओचा साधा डीकोडर चालेल. लाल-काळी वायर रुळाकडून येणारी, नारिंगी-करडी मोटरला.

जुना कंट्रोलर मात्र त्याच रुळाला जोडलेला ठेवू नका. डीकोडर नसलेलं इंजिनही त्यावर उभं करू नका. नुसतं गुणगुणत तापतं.

मोबाईलसाठी डीसीसी-ईएक्स बघा, ही घरी जुळवायची डीसीसी यंत्रणा. आर्डुइनो मेगा (हुकूम तयार करणारा छोटा संगणक-बोर्ड), मोटर शील्ड (रुळाला वीज देणारा बोर्ड) आणि वायफायची जोड, सॉफ्टवेअर फुकट. अँड्रॉइडवर 'इंजिन ड्रायव्हर' अ‍ॅप घ्या. सगळं जोडल्यावर रुळांवर दोन रुपयांचं नाणं आडवं टाका. शॉर्ट झाल्यावर वीज तत्काळ तुटली पाहिजे. लेआउटच्या टोकाला तुटत नसेल तर तिथवर जाड वायर ओढा.

आणि धूळ! आपल्याकडे उन्हाळ्यात सकाळी पुसलेलं संध्याकाळी पिठासारखं भरतं. जुनं इंजिन अडखळत का होईना जायचं, डीकोडरवालं ठेचकाळून थांबतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा फडका जवळच ठेवा.

बार्शी लाइटचा गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, 2 फूट 6 इंच, म्हणजे 762 मिलिमीटर. त्याला 87 नं भागा, पावणेनऊच्या आसपास येतं. तेव्हा एन मापाचा (एचओहून लहान) 9 मिलिमीटरचा रूळ घ्या आणि वरचा सांगाडा एचओच्या मापानं करा. त्यात डीकोडर मात्र नखाएवढा शोधावा लागेल.