खून झाला तरी बेकरी सकाळी उघडतेच

तुम्ही विचारलंय की लहान गावातली बेकरी, तिची चौकस मालकीण, मागच्या दारी एक प्रेत आणि प्रकरणांच्या अधेमधे केक-कुकीजच्या कृती, अशा 'कोझी मिस्टरी' कादंबऱ्या लोक एकामागून एक का वाचतात. खुनाची गोष्ट वाचून कुणाला बरं कसं वाटतं, हा तुमच्या प्रश्नाचा खरा रोख आहे.

मी या कादंबऱ्या वाचते, आणि भरपूर वाचते. घरचे हसतात, हसू देत. पण 'उबदार वातावरण असतं, हलकंफुलकं असतं' हे जे उत्तर सगळीकडे मिळतं, त्यानं माझं समाधान होत नाही. नुसती ऊबच हवी असेल तर प्रेमकथा आहेत, पाककृतींची पुस्तकं आहेत. त्यात मुद्दाम प्रेत कशाला आणायचं? मला वाटतं, या पुस्तकांची भूल अशी की तिथे एखादा माणूस रोजच्या वेळेला आला नाही तर कुणाच्या तरी ते लक्षात येतं. दूधवाला अजून आला कसा नाही, टपाल कार्यालयातल्या बाईंनी आज नेहमीची कॉफी का घेतली नाही, शेजारच्या दुकानाचं शटर अजून खाली का, हे तिथे कुणीतरी बघत असतं. शहरात राहणाऱ्या वाचकाला खुनापेक्षा ही गोष्ट जास्त नवलाची वाटते.

उदाहरण म्हणून या प्रकारातली बहुधा सगळ्यात गाजलेली मालिका घेऊ. जोॲन फ्लूक या अमेरिकन लेखिकेची हॅना स्वेन्सन मालिका २००० साली सुरू झाली, आणि आजवर तिची पंचवीसहून जास्त पुस्तकं आली आहेत. मिनेसोटा राज्यातलं लेक ईडन हे काल्पनिक गाव. हॅना इंग्रजी साहित्यात डॉक्टरेट करत असते. वडील वारतात, ती गावी परत येते आणि 'द कुकी जार' नावाचं दुकान टाकते. पुढे काउंटर आणि बसायला टेबलं, मागे भट्टी. पहिल्या पुस्तकात कोझी काऊ डेअरीचा दूधवाला रॉन तिच्या दुकानामागच्या गल्लीत, स्वतःच्याच गाडीत, गोळी लागून मेलेला सापडतो, आणि आजूबाजूला हॅनाच्याच कुकीज सांडलेल्या असतात. हॅनाच्या बहिणीचा नवरा शेरीफच्या खात्यात डेप्युटी आहे आणि त्याला डिटेक्टिव्ह व्हायचंय. तो मेहुणीची मदत घेतो, कारण गणवेशातल्या माणसासमोर जे तोंड उघडत नाहीत ते कुकी खाता खाता हॅनाशी बोलतात.

या मांडणीत लेखिकेनं किती अडचणी एका फटक्यात सोडवल्यात बघा. हौशी गुप्तहेराच्या गोष्टीत पहिला त्रास असतो तो हाच की या बाईला चौकशी करायचा अधिकार काय? ती कुणाच्या घरी कशी जाणार, काय निमित्तानं? बेकरीवालीला निमित्त शोधावंच लागत नाही. तिला सांत्वनाला केक न्यायचा असतो, शाळेच्या कार्यक्रमाची ऑर्डर पोचवायची असते, चर्चच्या मेजवानीत टेबल लावायचं असतं. श्रीमंत बाई, शाळेतला मास्तर, दारूडा, नवा आलेला दंतवैद्य, सगळे तिच्या काउंटरवर येतात. कोण कुणाबरोबर बसतं, कुणी अचानक बसायची जागा बदलली, कोण रोख द्यायचं सोडून उधारीवर आलं, हे तिला न विचारता कळतं. गाव झोपलेलं असताना ती उठलेली असते, म्हणजे पहाटेचा साक्षीदार आयताच मिळाला. आणि पीठ भिजत ठेवलं की ते फुगेपर्यंत थांबावंच लागतं. त्या रिकाम्या वेळात ती मदतनीस मुलीशी संशयितांची उजळणी करते. सरकारी डिटेक्टिव्हला विचार करताना दाखवायचं तर त्याला खिडकीतून बाहेर बघायला लावावं लागतं, हिचे हात तेवढ्यात कामाला लागलेले असतात.

आणखी एक गोष्ट मला फार आवडते. या पुस्तकांत गावगप्पा हे तपासाचं साधन असतं. एरवी 'बायकांच्या चकाट्या' म्हणून जे उडवून लावलं जातं, त्याच्याच जोरावर इथे खुनी सापडतो. ही युक्ती अर्थात जुनी आहे. अगाथा ख्रिस्तीची मिस मार्पल १९२७ साली एका लघुकथेत पहिल्यांदा आली आणि १९३० मध्ये तिची पहिली कादंबरी निघाली. सेंट मेरी मीड नावाच्या खेड्यात विणकाम आणि बागकाम करणारी ही म्हातारी. तिची पद्धत म्हणजे समोरच्या संशयिताला बघून आपल्या गावातलं तसंच कुणीतरी आठवायचं. अमका त्या मासळीवाल्याच्या पोरासारखा वागतोय, म्हणजे त्यानं काहीतरी लपवलंय. आयुष्यभर एकाच गावाकडे नीट बघितलं की माणसाच्या सगळ्या तऱ्हा कळतात, हा तिचा विश्वास. बेकरीवाल्या नायिका तिच्याच नाती. मार्पलला निदान पडद्याआडून बघावं लागायचं, यांच्याकडे लोक पैसे देऊन येऊन बसतात, एवढाच फरक.

ब्रिटिश लेखिका एम. सी. बीटन यांची अगाथा रेझिन मालिका तुम्ही वाचली नसेल तर तिचं पहिलं पुस्तक (१९९२) जरूर बघा. त्यात बेकरी नाही, पण माझा मुद्दा तिथे अगदी उघडा पडतो. लंडनमध्ये जनसंपर्काचा धंदा करून पैसा कमावलेली ही बाई लवकर निवृत्त होऊन इंग्लंडच्या कॉट्सवोल्ड्स या ग्रामीण भागातल्या एका खेड्यात राहायला येते. गावात तिला कुणी विचारत नाही. ओळख व्हावी म्हणून ती गावच्या कीश (अंडं-साईचं सारण भरून भाजलेला खारा पाय) स्पर्धेत उतरते, आणि स्वयंपाक येत नसल्यानं लंडनच्या दुकानातून विकत आणलेला कीश स्वतःचा म्हणून ठेवते. तो खाऊन परीक्षक मरतो. आता खुनाचा आळ टाळायचा तर लबाडी कबूल करायला हवी. मला त्या कादंबरीत खुनाच्या गुंत्याहूनही बाईंचा एकटेपणा जास्त लक्षात राहिला. गावानं आपल्याला नावानं हाक मारावी एवढ्यासाठी ती खोटा कीश मांडते. विनोदी पुस्तक आहे, हसू येतं, पण कळ लागते.

आता 'प्रेत कशाला?' याचं उत्तर. इंग्लिश कवी डब्ल्यू. एच. ऑडेन याला रहस्यकथांचं व्यसन होतं, आणि ते त्यानं स्वतःच १९४८ सालच्या एका निबंधात कबूल केलंय. खेड्यात घडणारी नसेल तर रहस्यकथा वाचणं आपल्याला जड जातं, असं तो म्हणतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं की जागा जितकी निर्मळ, तितका तिथला खून खटकतो. गुन्ह्यांनी बुजबुजलेल्या वस्तीत आणखी एक प्रेत पडलं तर कुणाचं काही बिघडत नाही. जिथे सगळे सगळ्यांना ओळखतात तिथे एक खून झाला की प्रत्येक जण प्रत्येकाकडे संशयानं बघू लागतो, आणि गुन्हेगार सापडेपर्यंत गाव पूर्वीसारखं होत नाही. म्हणून वाचकाला खुनी पकडला जाण्याची घाई होते ती न्यायापेक्षाही गावासाठी. आपलं नेहमीचं टेबल परत मोकळ्या मनानं वापरता यावं म्हणून.

याला विरोध करणारेही जुनेच. अमेरिकन गुन्हेकथा-लेखक रेमंड चँडलरनं १९४४ साली एक सणसणीत लेख लिहून असल्या चहापानी खुनांची टर उडवली होती. खरे खून करणारी माणसं अशी नसतात, कथेला प्रेत हवं म्हणून कुणी कुणाला मारत नाही, हा त्याचा आक्षेप. तो बरोबरच आहे. पण त्यानंतर ऐंशी वर्षं होऊन गेली आणि चहापान चालूच आहे. अमेरिकेत १९८९ पासून 'मॅलिस डोमेस्टिक' नावाचं या साहित्याचं संमेलन भरतं. तिथे 'अगाथा' पुरस्कार देतात, आणि पुरस्कार म्हणून चहाची किटली असते. चँडलरला याहून चांगलं उत्तर मिळालं नसतं.

मराठीत आपण रहस्यकथा वाचल्या त्या वेगळ्या जातीच्या. बाबुराव अर्नाळकरांनी हजारावर लिहिल्या, त्यांचे झुंजार आणि काळापहाड हे धाडसी गडी. पुढे सुहास शिरवळकरांचे नायक आले, तेही शहरातले, चपळ, मारामारीला तयार. बायका त्यात होत्या, पण काउंटरमागे उभं राहून डोकं चालवणारी क्वचितच. त्यामुळे आपल्या वाचकाला कोझी पहिल्यांदा फुळकवणी लागते, हे मी समजू शकते.

आणि आपल्या बेकऱ्यांत ही गोष्ट घडणंही कठीण. माझ्या मामांची बेकरी होती. रात्रभर भट्टी, मैद्याची पोती, घामानं भिजलेले कारागीर, सकाळी पाव आणि खारी घेऊन सायकली बाहेर पडायच्या. गिऱ्हाईक यायचं, 'दोन लादी पाव द्या' म्हणायचं, निघून जायचं. बसायला बाकडंसुद्धा नव्हतं. गावाची खबर ठेवायची जागा म्हणाल तर ती पिठाची गिरणी. डबा ठेवून थांबावं लागायचं, आणि थांबलं की बोलणं आलंच. मराठीत कुणाला कोझी लिहायची असेल तर गिरणीवालीला नायिका करा, असा माझा फुकटचा सल्ला.

पुस्तकांत दाखवतात तशी बेकरी अमेरिकेतही नसते, हेही सांगून टाकते. पहाटे चारला उठून दिवसभर उभं राहणारी बाई दुपारी संशयितांच्या घरी हिंडते आणि रात्री जेवणाच्या आमंत्रणाला जाते, हे कुठल्याही बेकरीवाल्याला विचारा, तो हसेल. लोण्याचे भाव, उरलेल्या मालाचं काय करायचं, पगार कसे भागवायचे, हे प्रश्न हिशेबाच्या वहीत राहतात, गोष्टीत येत नाहीत. पण स्वतःचं दुकान, स्वतःच्या हातचा माल आणि स्वतःच्या नावाला गावात किंमत हे स्वप्न बऱ्याच बायकांचं असतं. हॅनाच्या आईला लेकीच्या लग्नाची घाई आहे, पण दुकान कुणी बंद करायला सांगत नाही. मला तर कधी कधी वाटतं, खुनी कोण यापेक्षा दुकान चालतंय ना हेच मी बघत असते.

पाककृतींबद्दल नाक मुरडणारे पुष्कळ भेटतात. पानं भरायची युक्ती, म्हणतात. थोडी असेलही. कोलोरॅडोतली जेवणाच्या ऑर्डरी घेणारी नायिका डायान मॉट डेव्हिडसन यांनी १९९० मध्ये आणली, तिच्या पुस्तकांतही कृती होत्याच. पण फ्लूकच्या कृतींत हॅनाच्या स्वतःच्या टिपा असतात, आणि तिथे ती पात्र न राहता शेजारीण होते. पहिल्या पुस्तकातल्या त्या प्रसिद्ध चॉकलेट चिप कुकीजमध्ये चुरलेले कॉर्नफ्लेक्स घालतात. मी केल्या आहेत, कुरकुरीत होतात, साखर मात्र आपल्या जिभेला जास्त वाटते. करणार असाल तर ध्यानात ठेवा: तिथली लोण्याची एक कांडी म्हणजे सुमारे ११३ ग्रॅम, आणि ३५० अंश लिहिलंय ते फॅरनहाइट, म्हणजे आपल्या ओव्हनवर साधारण १७५. एका मैत्रिणीनं आकडा तसाच सेल्सिअस समजून ओव्हन शेवटपर्यंत पिळला होता. त्या दिवशी तिच्या घरी खून झाला नाही, एवढंच.

खटकणाऱ्या गोष्टीही आहेतच. एवढ्याशा गावात दरवर्षी खून होतो आणि तरी लोक तिथे घरं घेतात. 'मर्डर, शी रोट' या दूरचित्रवाणी मालिकेत तर १९८४ ते १९९६ या काळात २६४ भाग झाले, आणि त्यातलं कॅबट कोव्ह हे मेन राज्यातलं बंदर या बाबतीत चेष्टेचा विषयच होऊन बसलं. कोडी बऱ्याचदा कच्ची असतात, सराव झाला की दोन तृतीयांश पुस्तकातच खुनी ओळखता येतो. मरणारा माणूस सहसा असा निवडतात की कुणाला फार दुःख होऊ नये, हे मला जरा लबाडीचं वाटतं. रॉन त्याला अपवाद आहे. त्याच्या जाण्यानं गावाला खरंच चुटपुट लागते, म्हणून ते पहिलं पुस्तक पुढच्या बऱ्याच पुस्तकांपेक्षा मला सरस वाटतं.

वाचायचंच ठरवलंत तर मधूनच एखादं उचलू नका, क्रमानं घ्या. या मालिकांत गुन्हा एका पुस्तकात संपतो, पण माणसं पुढे चालत राहतात. हॅनाची मदतनीस लिसा वडिलांच्या आजारपणापायी शिक्षण सोडून गावात राहिलेली आहे, तिचं पुढे काय होतं हे कळायला दोन-चार पुस्तकं जावी लागतात. कोडं पक्कं हवं असेल तर सरळ मिस मार्पलकडे जा. आणि हॅना दंतवैद्य नॉर्मनशी लग्न करणार की पोलिसातल्या माइकशी, याकडे मात्र फार लक्ष देऊ नका. ते लेखिकेनं इतकं ताणलंय की एकदा मी पुस्तक मिटून मोठ्यानं म्हटलं, 'बाई गं, एकदाचं काय ते ठरव.'